मात्रा किती?
कर्करोगावरील औषधांच्या पहिल्या चाचण्यांचा इतिहास

मात्रा हा आपल्या भाषेतला मोठा गुणी शब्द आहे. वैद्य सहाणेवर उगाळून मधातून चाटवतो ती मात्रा. छंदःशास्त्रात लघू-गुरूंचे वजन ज्याने मोजतात तीही मात्रा. एखाद्या हट्टी माणसापुढे कोणाची मात्रा चालत नाही, असेही आपण म्हणतो. ह्या सर्व अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती मापाची. औषध आणि विष ह्यांच्यातला भेद पुष्कळदा वस्तूचा नसून मापाचा असतो, हे आपल्या जुन्या वैद्यांना पक्के ठाऊक होते. बचनागासारख्या जहाल वनस्पतीला त्यांनी शोधन करून आणि माप राखून औषधांत स्थान दिले, ते ह्याच जाणिवेने.

कर्करोगाच्या औषधांत हा मापाचा प्रश्न जितका तीव्र होतो तितका अन्यत्र क्वचितच होत असेल. पुष्कळ सामान्य औषधांत गुण येण्याची मात्रा आणि अपाय होण्याची मात्रा ह्यांत ऐसपैस अंतर असते. कर्करोगाच्या पेशी मात्र बाहेरून आलेल्या जंतूंसारख्या परक्या नव्हेत. त्या आपल्याच शरीराच्या, परंतु मर्यादा सोडून वाढू लागलेल्या पेशी होत. म्हणून ज्या द्रव्याने त्या मरतात, त्याने अस्थिमज्जेतील, आतड्याच्या अस्तरातील आणि केसांच्या मुळाशी असलेल्या निरोगी पेशीही मरतात. कमी दिले तर रोग हटत नाही. अधिक दिले तर रोगीच राहत नाही. ह्या दोहोंमधली वाट अरुंद आहे.

मग एखादे अगदी नवे औषध माणसाला प्रथमच द्यावयाचे झाले, तर त्याची मात्रा ठरवावी कशी? इतर रोगांवरील नवी औषधे प्रथम निरोगी स्वयंसेवकांना अल्प प्रमाणात देऊन पाहतात. पेशी मारणारे विष निरोगी माणसाला देणे न्याय्य नाही. म्हणून ही पहिली चाचणी, ज्यांच्यावरील ज्ञात उपाय संपले आहेत अशा कर्करोग्यांवरच होते. रुग्ण थोडे, बहुधा वीस ते चाळीस. प्रत्येकाची प्रकृती नाजूक. आणि माहिती जवळजवळ शून्य. अशा स्थितीत किती माणसांना किती औषध द्यावे, हा नियम ज्याने लिहिला, त्याने कळत-नकळत आणखी एक गोष्टही लिहून ठेवली: पुढच्याला कळावे म्हणून आधीच्याने किती सोसावे. ह्या नियमांचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास प्रस्तुत लेखात सांगावयाचा आहे. तो संख्याशास्त्राचा इतिहास आहे, तितकाच न्यायाचाही आहे.

युद्धातील विषापासून औषधापर्यंत

दुसरे महायुद्ध चालू असताना अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे दोन औषधशास्त्रज्ञ सरकारच्या सांगण्यावरून मस्टर्ड जातीच्या विषारी युद्धद्रव्यांचा अभ्यास करीत होते. ह्या विषाने रक्तातील श्वेतपेशी आणि लसिकाग्रंथी झपाट्याने क्षीण होतात, असे त्यांच्या ध्यानात आले. मग लसिकाग्रंथींच्याच कर्करोगावर ह्या विषाचा उपयोग का होऊ नये? उंदरावर प्रयोग करून पाहिल्यावर, शल्यविशारद गुस्ताफ लिंडस्कॉग ह्यांच्या साहाय्याने, १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी नायट्रोजन मस्टर्ड एका रुग्णाला दिले. इतिहासात तो रुग्ण ‘जे. डी.’ ह्या दोन अक्षरांनीच ओळखला जातो. क्ष-किरणांना त्याचा रोग दाद देईनासा झाला होता.

त्याला शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे ०.१ मिलिग्रॅम अशी मात्रा रोज एक, याप्रमाणे दहा दिवस देण्यात आली. थोड्याच दिवसांत गाठी विरल्या. परंतु त्याबरोबर श्वेतपेशीही चिंताजनक प्रमाणात घटल्या. पुढे रोग उलटला, औषध पुन्हा दिले गेले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो रुग्ण वारला. युद्धकालीन गुप्ततेमुळे ही हकीकत १९४६ पर्यंत प्रसिद्ध झाली नाही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दहा दिवसांत दिलेली ती एकूण मात्रा, पुढे अनुभवाने एका उपचारचक्रासाठी जी रूढ झाली, तिच्या सुमारे अडीचपट होती. त्या थोर शास्त्रज्ञांनी हलगर्जीपणा केला असे मुळीच नव्हे. तेव्हा त्यांच्या हाती प्राण्यांवरचे थोडे अनुभव आणि स्वतःचा विवेक ह्यांखेरीज दुसरे साधनच नव्हते.

१९४७-४८ मध्ये बोस्टन येथील बालरुग्णालयात सिडनी फार्बर ह्यांनी रक्ताच्या तीव्र कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले. ते सिद्ध झाले लेडर्ली प्रयोगशाळेत, आणि तेथील संशोधनाचे सूत्रधार होते यल्लाप्रगड सुब्बाराव: आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले आणि मद्रासेत वैद्यक शिकलेले आपले देशबांधव. सोळा मुलांपैकी दहांना, काही काळापुरता का होईना, स्पष्ट उतार पडला. हा निष्कर्ष १९४८ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ऑगस्टात सुब्बाराव निवर्तले. अमिनोप्टेरिनचे धाकटे भावंड मेथोट्रेक्सेट. त्याची गाठ ह्या लेखात पुन्हा पडणार आहे.

त्याच १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची सुप्रसिद्ध चाचणी प्रसिद्ध झाली. कोणाला औषध द्यावे आणि कोणाला देऊ नये हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेने ठरवण्याचे तत्त्व तिने वैद्यकात रुजवले. औषध गुणकारी आहे की नाही, ह्या प्रश्नावर अशा रीतीने गणिताचा अंकुश बसला. औषध किती द्यावे, हा त्याआधीचा प्रश्न मात्र अजून अनुभवी डॉक्टरांच्या अंदाजावरच सोपवलेला होता.

उंदरापासून माणसापर्यंत

१९५५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने नव्या औषधांच्या शोधासाठी एक मोठे केंद्र उघडले आणि हजारो रसायनांची पारख सुरू झाली. आता पहिल्या मात्रेचा प्रश्न वारंवार पडू लागला. उंदराला जे सोसते ते माणसाला किती प्रमाणात सोसेल?

साधे उत्तर वजनाचे. पण ते चुकते. लहान प्राण्याच्या शरीरात वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक असतो आणि त्याचे चयापचयही वेगवान असते. १९५८ मध्ये डोनाल्ड पिंकेल ह्यांनी असे दाखवले की, मात्रा वजनावर न मोजता शरीराच्या पृष्ठभागावर मोजली, तर निरनिराळ्या प्राण्यांतील आणि माणसांतील मात्रा एकमेकींच्या पुष्कळच जवळ येतात. १९६६ मध्ये एमिल फ्रायराईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा औषधांच्या बाबतीत उंदीर, कुत्रा, माकड आणि मनुष्य ह्यांची तुलना करून ह्या मताला बळकटी आणली. हिशेबाचे एक उदाहरण घेऊ. छोट्या उंदराला एका किलोग्रॅममागे १२ मिलिग्रॅम सोसत असेल, तर पृष्ठभागाच्या हिशेबाने माणसाची तुल्य मात्रा एका किलोग्रॅममागे सुमारे १ मिलिग्रॅम येते. केवळ वजनावर विसंबणारा बारापट चुकला असता.

त्यातूनच एक संकेत रूढ झाला. ज्या मात्रेने शंभरांतले दहा उंदीर मरतात, तिचा दहावा हिस्सा पृष्ठभागाच्या मापाने माणसाला प्रथम द्यावा. पहिली पायरी अशी ठरली. मग वर चढायचे कसे?

राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संख्याशास्त्रज्ञ मार्विन श्नायडरमन ह्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ह्या चढणीचा विचार केला. प्रारंभी पायरी उंच, आणि वर जावे तसतशी ठेंगणी, हे त्यामागचे तत्त्व होते. रूढ झालेल्या क्रमात दुसरी मात्रा पहिलीच्या दुप्पट असते. पुढची वाढ ६७ टक्के, मग ५० टक्के, मग ४० टक्के आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ३३ टक्के. ह्या क्रमाला ‘सुधारित फिबोनाची’ असे नाव पडले. फिबोनाची हा १२०२ मध्ये ग्रंथ लिहिणारा इटालियन गणिती. परंतु १, २, ३, ५, ८ ही संख्यामाला त्याच्याही आधी आपल्या छंदःशास्त्रज्ञांना अवगत होती. एका मात्रेचा लघू आणि दोन मात्रांचा गुरू ह्यांच्या मांडणीने तीन मात्रांचा चरण तीन प्रकारांनी, चार मात्रांचा पाच प्रकारांनी आणि पाच मात्रांचा आठ प्रकारांनी बांधता येतो. विरहांकाने ही रीत ओळखली होती आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने ती स्पष्टपणे मांडली. छंदातील मात्रेची ही माला औषधाच्या मात्रेला नावापुरती येऊन चिकटली, हा मौजेचा योगायोग होय. नावापुरतीच, असे म्हणावयाचे कारण हे की, मूळ मालेत लगतच्या संख्यांचे गुणोत्तर १.६१८ च्या आसपास स्थिरावते. औषधाच्या पायऱ्यांत मात्र ते उतरत उतरत १.३३ वर येते. नाव गणिताचे असले, तरी ह्या पायऱ्या खऱ्या अर्थाने सावधगिरीने घडवलेल्या आहेत.

तीन आणि तीन

पायऱ्या ठरल्या, प्रत्येक पायरीवर किती माणसे, हे ठरायचे होते. त्यासाठी जो नियम जगभर पसरला, तो ‘तीन अधिक तीन’ ह्या नावाने ओळखला जातो. बॅरी स्टोरर ह्यांनी १९८९ मध्ये अशा नियमांची प्रथम काटेकोर संख्याशास्त्रीय तपासणी केली. परंतु व्यवहारात तो त्यापूर्वीच स्थिरावला होता.

नियम असा. एका मात्रेवर तीन रुग्ण घ्यावेत. तिघांपैकी कोणालाही गंभीर अपाय झाला नाही, तर पुढच्या तिघांना वरची मात्रा द्यावी. एकाला झाला, तर त्याच मात्रेवर आणखी तीन रुग्ण घ्यावेत, आणि सहांत तो एकच राहिला, तर वर जावे. दोघांना किंवा अधिकांना झाला, तर थांबावे आणि खालची पायरी ही माणसाला सोसणारी कमाल मात्रा मानावी.

ह्या नियमाचा मोठा गुण म्हणजे त्याचा सोपेपणा. तो कागदाच्या चिठोऱ्यावर मावतो. त्यासाठी यंत्र लागत नाही, गणिती लागत नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेलाही तो तोंडपाठ होतो. परंतु सोपेपणाची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे.

समजा, एखाद्या मात्रेने दहांतील एकालाच गंभीर अपाय होतो. अशा मात्रेवरून हा नियम शंभरांपैकी सुमारे ९१ वेळा वर चढतो. हे ठीकच आहे. पाचांतील एकाला अपाय होत असेल, तर तो २९ वेळा तेथेच थांबतो, म्हणजे औषधाला पुरेशी संधी न देता माघार घेतो. आणि ज्या मात्रेने निम्म्या लोकांना गंभीर अपाय होतो, तिच्यावरूनही तो १७ वेळा आणखी वर चढतो. कारण उघड आहे. निम्म्यांना अपाय होत असला तरी तिघे लागोपाठ सुखरूप सुटण्याचा संभव आठांत एक असतो. तिघांत कोणालाच काही झाले नाही, एवढ्यावरून संख्याशास्त्र फार थोडे सांगू शकते. खरे प्रमाण ६० टक्के असले, तरीही तसे घडणे अशक्य नसते.

दुसरा दोष अधिक बोचणारा आहे. योग्य मात्रा आठव्या पायरीवर असेल, तर खालच्या सात पायऱ्यांवर किमान २१ रुग्ण खर्ची पडतात. ह्या २१ जणांना विषबाधा होत नाही, हे खरे. पण गुण येण्याइतके औषधही मिळत नाही. ज्याच्यापाशी काही महिनेच उरले आहेत, त्याच्या दृष्टीने हे नुकसान लहान नव्हे. शिवाय ह्या नियमाला स्मरणशक्ती नाही. तो समोरच्या तिघां-सहांकडे पाहतो. खालच्या पायऱ्यांवर आधीच्या पंधरांनी जे सोसून शिकवले, ते तो विसरून जातो.

अशा चढत्या-उतरत्या पद्धतीचे मूळ कोठे आहे, हे जाणून घेणे बोधप्रद ठरेल. विल्फ्रिड डिक्सन आणि अलेक्झांडर मूड ह्यांनी १९४८ मध्ये स्फोटक द्रव्यांच्या पारखेसाठी एक रीत प्रसिद्ध केली होती. ठरावीक उंचीवरून वजन टाकायचे; स्फोट झाला तर पुढच्या वेळी उंची एक पायरी कमी करायची, न झाला तर एक पायरी वाढवायची. थोड्याच प्रयोगांत, ज्या उंचीला निम्म्या वेळा स्फोट होतो तिचा अंदाज येतो. दारूगोळ्याच्या बाबतीत ही रीत उत्तम आहे, कारण एखादा नमुना फुटला काय किंवा न फुटला काय, त्याचे दुःख कोणाला नसते. स्टोरर ह्यांनी हे तत्त्व रुग्णांसाठी वापरताना निम्म्याऐवजी एकतृतीयांशाच्या आसपासचे लक्ष्य ठेवले. तरी मुख्य भेद उरतोच: येथे प्रत्येक नमुना म्हणजे नावगाव असलेला, घरी कोणी वाट पाहत असलेला माणूस असतो.

प्रत्येक रुग्णाची साक्ष

१९९० मध्ये जॉन ओक्विग्ली, मार्गारेट पेपी आणि लॉइड फिशर ह्या तीन संख्याशास्त्रज्ञांनी एक निराळा मार्ग सुचवला. त्याला ‘सतत पुनर्मूल्यांकनाची पद्धती’ म्हणता येईल. तिचा पाया थॉमस बेझ ह्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापलेल्या निबंधात आहे. बेझचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या मनात आधी एक अंदाज असतो, नवा पुरावा आला की तो टाकून द्यायचा नसतो किंवा हट्टाने धरूनही ठेवायचा नसतो, तर पुराव्याच्या वजनाइतका बदलायचा असतो. नाडी पाहणारा जाणता वैद्यही रोज हेच करीत असतो.

ह्या पद्धतीत चाचणीपूर्वीच डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ एकत्र बसून, कोणत्या मात्रेने किती जणांना अपाय होईल ह्याची एक अंदाजी वक्ररेषा आखतात. आणि किती प्रमाणातला अपाय सोसण्याजोगा मानायचा, उदाहरणार्थ शंभरांत पंचवीस, हे लक्ष्यही उघडपणे ठरवतात. मग प्रत्येक रुग्णाचा निकाल हाती आला की ती रेषा नव्याने मांडतात, आणि पुढच्या रुग्णाला, त्या घटकेच्या सर्व माहितीनुसार लक्ष्याच्या जवळात जवळ असलेली मात्रा देतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणाचीही साक्ष वाया जात नाही. ओक्विग्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या युक्तिवादातला नैतिक गाभा हाच होता: चाचणीतला रुग्ण हा आधी रुग्ण आहे, म्हणून त्याला त्या दिवशी माहीत असलेली सर्वोत्तम मात्राच मिळाली पाहिजे.

ह्यावर आक्षेप आले, आणि ते निराधार नव्हते. आरंभीचा अंदाज चुकीचा असेल तर गणित एकदम उंच पायरीवर उडी मारील. एकेका रुग्णाचा निकाल येईपर्यंत चाचणी रेंगाळेल. उशिरा दिसणारा अपाय हिशेबात येणार नाही. म्हणून १९९४-९५ च्या सुमारास सुधारणा झाल्या. सर्वांत खालच्या मात्रेपासून आरंभ करावा, मधली पायरी गाळू नये, दोघे-तिघे एका वेळी घ्यावेत. १९९८ मध्ये जेम्स बॅब, आंद्रे रोगात्को आणि शेलेमियाहू झॅक्स ह्यांनी अतिमात्रेचा संभव ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देण्याचे बंधनच नियमात घातले. गणिताने डॉक्टरांची भीती फेटाळली नाही. ती ऐकून घेतली आणि सूत्रात बसवली.

तरीही रुग्णालयांनी ह्या पद्धतीला सहजासहजी थारा दिला नाही. रोगात्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ ते २००६ ह्या काळातील कर्करोगाच्या १,२३५ पहिल्या चाचण्या तपासल्या, तेव्हा अशा नव्या रीतीने आखलेल्या केवळ २० निघाल्या, म्हणजे शंभरांत दोनही नव्हेत. संगणकातून निघालेल्या आकड्यावर विसंबून समोरच्या माणसाच्या शिरेत विष सोडायला डॉक्टरांचा हात धजत नव्हता. आणि शेजारच्या रुग्णालयाने जे केले तेच आपण करावे, ही मनुष्यस्वभावाची ओढही होतीच.

कोंडी फुटली ती सोपेपणाकडे परत वळल्यामुळे. २०१५ मध्ये सुयू लिऊ आणि यिंग युआन ह्यांनी अशी रीत मांडली की, जिच्यातले सारे अवघड गणित चाचणीपूर्वीच उरकून घेता येते. लक्ष्य शंभरांत तीस असेल, तर एका मात्रेवर अपायाचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांहून अधिक नसल्यास वर जावे, सुमारे ३६ टक्के किंवा अधिक झाल्यास खाली यावे, आणि मधे असल्यास तेथेच राहावे. हे कोष्टक कोणत्याही वॉर्डाच्या भिंतीवर लावता येते. गणित खरे असून भागत नाही. ज्यांच्या हाती ते सोपवायचे त्यांना पेलावेही लागते, हा ह्या पंचवीस वर्षांचा धडा होय.

अधिक म्हणजे अधिक चांगले काय?

ह्या साऱ्या नियमांच्या मुळाशी एक गृहीत दडलेले होते: जितके औषध अधिक तितका गुण अधिक, म्हणून सोसेल तितके द्यावे. पेशी मारणाऱ्या जुन्या विषांच्या बाबतीत ते बरेचसे खरे होते. परंतु १९९८ च्या जूनमध्ये इमॅटिनिब ह्या गोळीची पहिली चाचणी सुरू झाली, आणि ह्या गृहीताला तडा गेला. हे औषध सर्वच पेशींवर घाला घालीत नाही. एका विशिष्ट रक्तकर्करोगाला चेतवणारे एकच प्रथिन ते रोखते. ब्रायन ड्रूकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार ८३ रुग्णांना रोज २५ पासून १,००० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा देण्यात आल्या. रोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेणाऱ्या ५४ जणांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. आणि सोसणारी कमाल मात्रा शेवटपर्यंत सापडलीच नाही. जिचा शोध घेण्यासाठी सारी पद्धती उभारली होती, ती मात्रा शोधण्याची गरजच तेथे उरली नव्हती. ‘किती सोसवेल?’ ह्या प्रश्नाची जागा ‘किती पुरे?’ ह्या प्रश्नाने घेतली.

तरीही जुनी सवय पुष्कळ वर्षे टिकली. अखेर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने ‘प्रोजेक्ट ऑप्टिमस’ नावाचा उपक्रम हाती घेतला. त्याच वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगावरील सोटोरासिब ह्या औषधाला रोज ९६० मिलिग्रॅमच्या मात्रेत मान्यता देताना, २४० मिलिग्रॅमशी तिची तुलना करून दाखवण्याची अटही तिने घातली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ह्या विषयावरील तिचे अंतिम मार्गदर्शन प्रसिद्ध झाले. मान्यतेपूर्वीच एकाहून अधिक मात्रांची तुलना व्हावी, असा त्याचा रोख आहे.

हा प्रश्न आपल्या दारापर्यंतही आलेला आहे. १९४१ मध्ये मुंबईत परळ येथे उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय आपल्या कित्येक घरांना परिचित आहे. गोव्याहून, बेळगावहून, इंदुराहून तेथवरची वाट अनेकांनी काळजीने तुडवली आहे. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारे औषध पहिल्या चाचण्यांत एका किलोग्रॅममागे ०.१ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत देऊन पाहिले गेले, तेव्हा त्याचीही कमाल सोसणारी मात्रा गाठली गेली नव्हती. त्याची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. तिची किंमत आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेरची. मुंबईच्या डॉक्टरांनी, तोंडाच्या व घशाच्या भागातील हाताबाहेर गेलेल्या कर्करोगासाठी, दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम दिले. आठवड्याच्या हिशेबाने रूढ मात्रेचा सुमारे अठरावा हिस्सा. त्याच्या जोडीला तोंडाने घ्यावयाची तीन स्वस्त औषधे होती, आणि त्यांतले एक म्हणजे फार्बर व सुब्बाराव ह्यांच्या वारशातले मेथोट्रेक्सेट. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या १५१ रुग्णांच्या चाचणीत, वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण केवळ गोळ्या घेणाऱ्यांत १६.३ टक्के होते. अल्प मात्रेची जोड मिळालेल्यांत ते ४३.४ टक्के झाले. अल्प मात्रा पूर्ण मात्रेच्या तोडीची आहे, असे ह्यावरून सिद्ध होत नाही, कारण तशी तुलना त्या चाचणीत नव्हती. परंतु ज्याला पूर्ण मात्रा परवडणारच नाही, त्याच्यासाठी थोडीही मात्रा निरर्थक नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते. मात्रेचा प्रश्न शरीराला काय सोसते एवढ्यापुरता नाही. घराला काय सोसते, हेही त्यात येते.

पहिल्या पायरीवरचा माणूस

अशा पहिल्या चाचणीतून खुद्द त्या रुग्णाच्या पदरात काय पडते? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या आश्रयाने १९९१ ते २००२ ह्या काळात झालेल्या ४६० चाचण्यांतील ११,९३५ रुग्णांचा हिशेब मांडलेला आहे. त्यांपैकी १०.६ टक्के रुग्णांच्या रोगाने औषधाला दाद दिली; आणि ०.४९ टक्के रुग्ण औषधाच्या विषारीपणामुळे दगावले. म्हणजे ही मृत्यूची दारे नव्हेत, तशीच ती संजीवनीही नव्हे. दहांतील सुमारे नऊ रुग्णांना जे मिळते ते पुढच्यांसाठी असते.

ह्याला कोणी दान म्हणेल. आपल्या परंपरेत दानाचे मोल मोठे आहे; पण जाणून-समजून आणि स्वेच्छेने दिलेलेच दान ठरते, आशेला भुलवून काढून घेतलेले नव्हे. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून हे तत्त्व वैद्यकाने मान्य केलेले आहे. भारतातही २०१९ च्या नियमांनुसार नीती-समितीची मान्यता आणि रुग्णाची माहितीपूर्ण संमती ह्यांवाचून अशी चाचणी करता येत नाही. तथापि संमतीच्या कागदावर चाचणीची आखणी बहुधा एका ओळीत आटोपलेली असते, आणि रुग्णाचे नातलग ती ओळ वाचून पुढे जातात. वस्तुतः तीच ओळ सर्वांत महत्त्वाची होय.

म्हणून वाचकांपैकी कोणाच्या घरी कधी असा कागद आला, तर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना चार गोष्टी शांतपणे विचाराव्यात. आमच्या माणसाला कितव्या पायरीची मात्रा मिळणार आहे? त्याच्या आधी किती जणांना औषध दिले गेले आणि त्यांचे काय झाले? वर चढण्याचा व थांबण्याचा नियम कोणता आहे? आणि खालच्या पायरीवर आरंभ केलेल्याला, वरची मात्रा सुरक्षित ठरल्यावर ती मिळू शकते काय? ह्यांत उद्धटपणा नाही. उत्तम आखलेल्या चाचणीत ह्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते, आणि ते सांगण्यात कोणत्याही जबाबदार डॉक्टराला संकोच वाटणार नाही.

‘जे. डी.’ला हे प्रश्न विचारता आले नसते, कारण तेव्हा त्यांची उत्तरे कोणापाशीच नव्हती. आज ती आहेत. ती ज्यांच्यामुळे मिळाली त्यांत संख्याशास्त्रज्ञ आहेत, डॉक्टर आहेत. आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक संख्येने, खालच्या पायऱ्यांवर उभी राहिलेली ती माणसे आहेत, ज्यांची नावे कोणत्याही निबंधात छापलेली नाहीत.